हलका फोर्क की हलणारा फोर्क?

वाचकांचे प्रश्न : सायकल

प्रश्न : मी सातारला राहते, शाळेत शिकवते. वय ४१, वजन ५४ किलो. चार वर्षांपूर्वी २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल घेतली. तिचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, दबणारा दोन पायांचा भाग, सँटूर कंपनीचा एक्ससीएम आहे, स्प्रिंगवाला, १०० मिलिमीटर दबणारा. आठवड्यात दोनतीनदा यवतेश्वरचा घाट चढते आणि रविवारी अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या नाहीतर जरंडेश्वरच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा धरते. चढताना सायकलचं तोंड जड वाटतं. उतरताना मनगटं भरून येतात, कधीकधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. फोर्क दबू नये म्हणून असलेलं लॉकआउट लावलं काय आणि सोडलं काय, मला फरकच कळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या मुलांचं म्हणणं, ताई, सगळ्यांत हलका फोर्क टाका, रॉकशॉक्सचा सिड नाहीतर फॉक्स ३२. मी २५ हजार बाजूला ठेवलेत, फार ताणलं तर ३०. कोणता घेऊ? १२० मिलिमीटरचा घेतला तर उतारावर जास्त आराम मिळेल का? पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, साध्या क्विक रिलीजचा, खटक्याने चाक निघणारा आहे. पुण्यात वापरलेले फोर्कही मिळतात म्हणे, ते घ्यावेत का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी पहिल्यांदा अधोरेखित केला तो तुमच्या वजनाचा आकडा. या किमतीच्या सायकलींवर येणारा स्प्रिंगचा फोर्क साधारण ७०-८० किलोचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. ५४ किलोची व्यक्ती त्यावर बसली की स्प्रिंग जेमतेम दबते. वरची प्रीलोडची चक्री उणेकडे पूर्ण फिरवली तरी स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त सुरुवातीचा ताण कमी होतो. लॉकआउट लावून-सोडून फरक कळत नाही याचं कारण हेच. तुमचा फोर्क सोडलेला असतानाही जवळजवळ लॉकच आहे. पावणेतीन किलोचं लोखंड तुम्ही घाटभर वर नेता आणि उतारावर ते तुमच्यासाठी काही करत नाही. मला याची मनापासून चीड येते, कारण कमी वजनाच्या चालवणाऱ्यांच्या, त्यातही बायकांच्या आणि शाळकरी मुलांच्या सायकलींवर मी हेच पुन्हा पुन्हा बघतो. दुकानात कोणी त्यांना वजन विचारत नाही.

खात्री करून घ्यायची तर एक पैसाही लागत नाही. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीला अगदी खाली, रबरी सीलला टेकवून एक बारीक झिप-टाय हलक्या हाताने बांधा. नेहमीच्या सगळ्यांत खडबडीत वाटेवरून एकदा उतरा आणि टाय किती वर सरकलाय ते पट्टीने मोजा. खडकाळ उतार संपल्यावर १०० मिलिमीटरपैकी ८०-८५ तरी वापरले गेले असावेत. तुमच्या बाबतीत ४०च्या पुढे टाय गेला असेल असं मला वाटत नाही. मोजून झाल्यावर टाय कापून टाका, नाहीतर तो सीलखाली माती ओढतो.

आता वजनाचा हिशेब मांडू. तुम्ही ५४, सायकल साडेचौदा धरू, पाणी आणि हत्यारं तीन. एकूण साडेएकाहत्तर किलो. फोर्क २.७ किलोवरून १.८ वर आणलात तर ९०० ग्रॅम वाचले, म्हणजे सव्वा टक्का. घाट चढायला अर्धा तास लागत असेल तर फार तर वीस-बावीस सेकंद वाचतील. आणखी पैसे ओतून १.३५ किलोपर्यंत गेलात तर त्यावर आणखी दहा-अकरा सेकंद. हा फरक खोटा नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याला तो लागतो आणि त्याने त्यासाठी पैसे जरूर मोजावेत. पण ते साडेचारशे ग्रॅम म्हणजे तुमच्या बाटलीतलं अर्धं पाणी, आणि त्याची किंमत तुमच्या आख्ख्या सायकलीइतकी होऊ शकते.

त्यामुळे क्रम उलटा करा. आधी तुमच्या फ्रेमला काय बसतं ते बघा, मग तुमच्या वजनाला काय हलतं ते, आणि ग्रॅम सगळ्यांत शेवटी. हवेचा फोर्क घेतलात की वजन बरंचसं आपोआप उतरतं, कारण पोलादी स्प्रिंगच निघून जाते.

फ्रेमला काय बसतं

इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे थांबून सांगतो. फोर्कच्या वर जी नळी असते, जी हँडलखालच्या हेडट्यूबमधून वर येते, ती स्टिअरर. ती दोन प्रकारची असते. सरळ, म्हणजे वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाहून किंचित कमी, २८.६ मिलिमीटर जाडीची. आणि टेपर्ड, म्हणजे वर तेवढीच पण खाली क्राउनपाशी, जिथे फोर्कचे दोन पाय जुळतात, दीड इंचाची. चांगले हलके फोर्क आता बहुतेक टेपर्डच येतात. तुमच्या एक्ससीएमचा स्टिअरर बहुधा सरळ असेल. प्रश्न एवढाच की तुमच्या हेडट्यूबमध्ये टेपर्ड शिरेल का.

त्यासाठी सायकल उघडायची गरज नाही. घरातली शिवणाची टेप घ्या आणि हेडट्यूबच्या खालच्या टोकाला, रंगावरून, बाहेरून गुंडाळा. बेअरिंगची वाटी मापात धरू नका, फक्त फ्रेमची नळी. घेर १९-२० सेंटिमीटरच्या आसपास आला तर खालचं तोंड ५६ मिलिमीटरचं आहे, टेपर्ड स्टिअरर सुखाने बसेल, फक्त खालची बेअरिंग बदलावी लागेल. १५.५ ते १६ आला तर आतलं माप ४४ मिलिमीटरचं असण्याची दाट शक्यता. तिथेही टेपर्ड बसतो, पण खालची बेअरिंगची वाटी फ्रेमच्या आत न बसता बाहेर लटकते आणि सायकलचं तोंड दहा-बारा मिलिमीटर उचललं जातं. ही वाटी वेगळी मागवावी लागते. नीट लिहून ठेवा : खालची, बाहेरची, ४४ मिलिमीटर, ४० मिलिमीटर क्राउनसाठी. घेर साडेअकरा-बारा निघाला तर ती जुन्या पद्धतीची ३४ची हेडट्यूब, तिच्यात टेपर्ड कधीही जाणार नाही. मग सरळ स्टिअररचाच फोर्क शोधायचा. लेथवाल्याकडून घासूनपुसून बसवतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. हेडट्यूब हा फ्रेमचा सगळ्यांत जास्त मार खाणारा भाग आहे.

टेपने अंदाज येतो. फोर्क मागवण्याआधी मात्र मेकॅनिककडून हेडसेट, म्हणजे हेडट्यूबमधल्या बेअरिंगचा संच, उघडून व्हर्निअरने आतलं माप घ्याच.

दुसरं म्हणजे हब. तुमचा हब १०० मिलिमीटर रुंद, ९ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचा. चांगल्या नव्या फोर्कला बहुतेकदा १५ मिलिमीटरचा आरपार एक्सल असतो, आणि त्यातही दोन रुंद्या : १०० आणि ११०. या ११०ला बूस्ट म्हणतात. काही हबची टोकं बदलून १५चा एक्सल घालता येतो, पण सायकलीबरोबर आलेले साधे छर्र्यांचे हब बहुतेकदा तसे नसतात. म्हणजे नवा हब, नवे स्पोक, बांधणीची मजुरी किंवा सरळ नवं पुढचं चाक. हा खर्च आजच तुमच्या २५ हजारांत धरा. मुलांनी सुचवलेला सिड किंवा फॉक्स ३२ तुमच्या बजेटमध्ये का बसत नाही, याचं निम्मं उत्तर या चाकात आहे.

ब्रेकही बघून घ्या. कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा ब्रेकचा भाग, थेट १६० मिलिमीटरच्या डिस्कला बसतो असे काही फोर्क असतात, काही १८०पासूनच सुरू होतात. तुमची पुढची डिस्क १६०ची असेल आणि फोर्क किमान १८० मागत असेल तर डिस्कही बदलावी लागेल. फार खर्च नाही, पण शनिवारी संध्याकाळी फोर्क बसवताना हे कळलं की रविवार जातो.

१२०चा मोह

फ्रेम १०० मिलिमीटरसाठी बनवली असेल तर १०० घ्या. फोर्क वीस मिलिमीटरने लांब झाला की हेडट्यूबचा कोन सुमारे एका अंशाने मागे झुकतो, पेडलचा अक्ष थोडा उचलला जातो, सीटही मागे कलते. तीव्र चढावर तुमचं पुढचं चाक भरकटायला लागेल, आणि तुम्ही तर घाट चढणाऱ्या. त्यात खालची बाहेरची वाटी लागली तर ते दहा-बारा मिलिमीटर आणखी वर. फ्रेमच्या कंपनीने १२० चालेल असं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर हमी जाते आणि हेडट्यूबच्या जोडावर ताण वाढतो.

आराम मिलिमीटरने मिळत नाही. १००पैकी ८५ वापरणारा फोर्क तुमच्या मनगटांना १२०पैकी ५० वापरणाऱ्या फोर्कपेक्षा कितीतरी सुखाचा.

मग कोणता

२९ इंची, १०० मिलिमीटर, हवेचा, ३२ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम नळ्यांचा, रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारी चक्री असलेला. या वर्णनात बसणारे आणि तुमच्या पैशांच्या जवळपास येणारे फोर्क म्हणजे सँटूरचा रेडॉन, दोन किलोच्या आसपास. त्यांचाच एपिक्सन आणि मॅनिटूचा मारखोर, दोन्ही १.८च्या आसपास. थोडं ताणलं तर रॉकशॉक्सचा रेबा आरएल, पावणेदोनच्या आसपास. जाहिरातीतलं वजन काही वेळा कापलेल्या स्टिअररचं असतं, त्यामुळे पन्नास-शंभर ग्रॅमवरून दोन फोर्कांत भांडण लावू नका.

मी तुमच्या जागी असतो तर एपिक्सन किंवा मारखोर घेतला असता आणि उरलेल्या पैशांत चाकाचं बघितलं असतं. रॉकशॉक्सचा जुडी सिल्व्हर टीके हाही हवेचा आणि स्वस्त, पण त्याच्या ३० मिलिमीटरच्या पोलादी नळ्या आणि सव्वादोन किलो वजन बघता तुमचे ९०० ग्रॅम निम्म्यावर येतात. तरी फ्रेम सरळ स्टिअररची निघाली तर त्याचाही विचार करा, कारण स्प्रिंगपेक्षा तो तुमच्यासाठी हजार पटीने बरा.

मुलांनी सांगितलेले फोर्क वाईट आहेत असं अजिबात नाही. २०२०मध्ये आलेल्या सिड एसएलच्या सर्वांत वरच्या मॉडेलचं कंपनीने सांगितलेलं वजन १,३२६ ग्रॅम होतं. फॉक्स ३२ स्टेप-कास्टमध्ये दोन्ही पाय एकमेकांच्या जवळ आणलेत आणि खाली हब-डिस्कला जागा मिळावी म्हणून पायांच्या आतल्या बाजूला खाच दिलीय. क्राउन अरुंद झाला, धातू कमी लागला, वजन उतरलं. हे काम बघून मला आजही आनंद होतो. असे फोर्क ९० किलोच्या माणसाला खडकांत थोडे वाकल्यासारखे वाटतात. तुमच्या वजनाला ते जाणवणारही नाही. अडचण फक्त पैशांची आहे, आणि तेवढ्या पैशांत तुमच्या सायकलीचं बरंच काही सुधारतं.

वजनावर अडून बसणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. १९९०मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या दुरँगोला माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांची क्रॉस-कंट्री नेड ओव्हरएंडने जिंकली, ती रॉकशॉक्सच्या पहिल्यावहिल्या आरएस-१ फोर्कवर. जेमतेम दोन इंच हलणारा फोर्क. चढाईत पटाईत असलेला माणूस, साधा कडक फोर्क लावून सहज हलकी सायकल घेऊ शकला असता. त्याने हलणारा फोर्क निवडला, कारण चाक जमिनीला चिकटून राहिलं तर पायातली ताकद वाया जात नाही. आपल्या सह्याद्रीतल्या सुट्या काळ्या दगडांच्या वाटांना हे जसंच्या तसं लागू आहे.

लॉकआउट वरच्या क्राउनवरच्या खटक्याचं घ्या. हँडलवरून वायरने चालणारं रिमोट घाटात दिमाखदार वाटतं, पण यवतेश्वरच्या सुरुवातीला एकदा खटका फिरवायचा आणि वर पोचल्यावर सोडायचा, त्यासाठी वायर, केसिंग आणि पावसाळ्यात तिच्यात जमणारी माती कशाला सांभाळायची?

बसवल्यावर

फोर्कबरोबर शॉक पंप घ्याच. टायरच्या पंपाने हे काम होत नाही, आणि शॉक पंप नसेल तर हवेच्या फोर्कचा अर्थच राहत नाही. फोर्कच्या मागे किंवा माहितीपुस्तकात वजनाप्रमाणे हवेचा तक्ता असतो, त्यातला तुमच्या वजनाचा आकडा ही सुरुवात. हवा भरली की फोर्क दहा-बारा वेळा दाबा, आतल्या वरच्या-खालच्या कप्प्यांत दाब सारखा होऊ द्या, मग परत मोजा. नंतर बूट, हेल्मेट, पाठीवरची पाण्याची पिशवी, सगळं चढवून पेडलवर उभ्या राहा. कोणाला तरी सायकल धरायला सांगा. नळीवरचं रबरी कडं सीलपर्यंत खाली सरकवा आणि धक्का न देता अलगद उतरा. कडं १८ ते २० मिलिमीटर वर आलेलं हवं. कमी आलं तर पाच-पाच पीएसआयने हवा काढा. तक्ता काहीही सांगो, तुमच्यासाठी हे कडं खरं.

रिबाउंडबद्दल हलक्या माणसांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. तुमच्या फोर्कमध्ये हवा कमी, म्हणून त्याला परत वर ढकलणारा जोरही कमी. चक्री मधोमध ठेवली तर जड माणसाला ठीक वाटेल, तुमचा फोर्क मात्र लागोपाठच्या दगडांवर खाली खाली बसत जाईल आणि पुन्हा मनगटं दुखतील. चक्री सशाच्या चित्राकडे, म्हणजे वेगवान बाजूला, जवळजवळ टोकापर्यंत न्या आणि मग एकेक खटका मागे या. शेवटचे वीस-पंचवीस मिलिमीटर कधीच वापरले जात नसतील तर वरचं झाकण उघडून आतल्या प्लास्टिकच्या चकत्या काढता येतात का बघा. काही फोर्कमध्ये त्या असतात, आणि कारखान्यातून येतानाच एखादी बसवलेली असते.

बसवणाऱ्याला एक सांगा : जुना स्टिअरर मापाला धरून नवा कापू नको. नव्या फोर्कची उंची, खालची वाटी, बेअरिंग सगळं बदललेलं असतं. आधी सगळं रचून, स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, आणि त्याखालच्या चकत्या चढवून, वरून रेघ मारायची आणि रेघेच्या तीन मिलिमीटर खाली कापायचं. सुरुवातीला एक चकती जास्त ठेवूनच कापा. नळी पुन्हा कापता येते, वाढवता येत नाही.

वापरलेल्या फोर्कचंही याच नळीवर ठरतं. विकणाऱ्याला सगळ्यांत आधी स्टिअररची लांबी विचारा. तुमची हेडट्यूब, दोन्ही बेअरिंग, स्टेम आणि एक चकती यांची बेरीज करा. नळी त्याहून आखूड असेल तर फोर्क कितीही चकाकत असो, तुमच्या कामाचा नाही. मग चकचकीत नळ्यांवरून नख वरपासून खालपर्यंत फिरवा. नख कुठे अडकलं तर सोडून द्या. त्या ओरखड्यातून तेल बाहेर आणि माती आत जात राहते. सोनेरी-काळा थर पुसट होऊन पांढरट पट्टा दिसत असेल तरी नको. बाकी सील जुने असणं, हवा हळूहळू उतरणं हे दुरुस्त होतं, आणि तेवढ्यासाठी किंमत पाडून घेता येते. चांगल्या अवस्थेतला वापरलेला रेबा मिळाला तर मी तो नव्या स्वस्त फोर्कपेक्षा आनंदाने घेईन.

शेवटी, फोर्क येईपर्यंत दोन गोष्टी. टायरमध्ये हवा किती भरता ते लिहिलं नाहीत. सव्वादोन इंची टायर आणि ट्यूब असेल तर तुमच्या वजनाला २५ पीएसआयच्या आसपास पुरे. पेट्रोल पंपावर ४० भरून येत असाल तर निम्मं दुखणं तिथलं आहे. आणि करंगळीची बधिरता कायम राहिली, तर ग्रिपचा आकार आणि सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. सगळं वजन तळहाताच्या बाहेरच्या कडेवर येत असेल तर कोणताही फोर्क त्यावर इलाज करू शकत नाही.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. काकांची जुनी २६ इंची सायकल मिळाली आहे, व्ही-ब्रेकची, म्हणजे रिम दाबणाऱ्या ब्रेकची. पांडवलेणीच्या मागच्या बाजूला आणि अंजनेरीकडे चालवतो. पुढचा शॉकअप अगदी घट्ट झालाय. नऊ हजारांत हवेचा हलका फोर्क बसेल का? मित्राकडे २९चा पडून आहे, तो चालेल का?

उत्तर : मित्राचा फोर्क मित्राकडेच राहू दे. तेवढ्याच हालचालीचा २९चा फोर्क २६च्या फोर्कपेक्षा साधारण तीनएक सेंटिमीटर उंच असतो. फ्रेम मागे बसेल, सायकल वळायला आळशी होईल आणि हेडट्यूबवर नको तो ताण येईल. शिवाय तुझे व्ही-ब्रेक. ते ज्या खुंट्यांवर बसतात त्या नव्या हवेच्या फोर्कवर बहुतेकदा नसतात. म्हणजे डिस्क, डिस्कचा हब, नवा कॅलिपर. नऊ हजार तिथेच संपले.

माझा सल्ला असा की सध्या फोर्कवर मोठा खर्च करू नकोस. घट्ट झालेला फोर्क बहुतेक वेळा मेलेला नसतो, कोरडा पडलेला असतो. खालचे दोन बोल्ट सोडून पाय बाहेर काढ. आत वाळलेलं ग्रीस आणि मातीचा काळा लगदा निघेल. रॉकेलने नळ्या आणि स्प्रिंग धू, पूर्ण वाळू दे, आतल्या प्लास्टिकच्या बुशांना आणि सीलच्या ओठाला सस्पेन्शनचं ग्रीस भरपूर लाव. चेनचं तेल नको, गाडीच्या चाकाचं जाड ग्रीसही नको. बुश इतके झिजलेत की पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केल्यावर फोर्क खडखडतो, तरच त्याला निरोप दे. उरलेल्या पैशांत दोन चांगले रुंद टायर घे. अंजनेरीच्या वाटेवर तुला त्यांचा फरक पहिल्या दिवशी कळेल. पुढे नोकरी लागली की २६साठी फोर्क शोधण्यापेक्षा टेपर्ड हेडट्यूबची फ्रेम असलेली सायकल घे.

प्रश्न : रत्नागिरीला असतो. सायकलला जुडी सिल्व्हर टीके आहे, दुसरं वर्ष. पावसाळ्यात नळ्यांवर तांबूस ठिपके आलेत आणि दाबल्यावर करकर आवाज येतो. दुकानदार म्हणतो फोर्क बदला.

उत्तर : आधी ठिपके बघू. तुमच्या फोर्कच्या नळ्या पोलादाच्या आहेत, त्यावर क्रोमचा थर. खारी हवा आणि लाल चिखल या थराच्या बारीक चिरांतून आत शिरतात. ठिपके अगदी वर, क्राउनपाशी असतील, जिथे सील कधी पोचत नाही, तर अजून चिंता नाही. मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि तेलाचा हात फिरवा. सील जिथून वर-खाली जातं त्या पट्ट्यात ठिपके असतील आणि नखाला खड्डा लागत असेल तर दुकानदार बरोबर बोलतोय : तो खड्डा नवं सीलही फाडेल. त्या वेळी मात्र ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा फोर्क घ्या, कोकणात त्याचे पैसे वसूल होतात.

करकर आवाज बहुतेक आतल्या स्पंजच्या कड्यांचा आहे. ही कडी तेलात भिजलेली राहिली तर नळी तेलाळ राहते. रॉकशॉक्स दर ५० तासांच्या चालवण्यानंतर खालचे पाय उतरवून साफ करायला सांगते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हा आकडा निम्मा धरा. सायकल धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नका, आणि गंज जावा म्हणून नळ्यांवर डब्ल्यूडी-४०सुद्धा मारू नका. ते आतलं ग्रीस धुऊन नेतं. आठवड्यातून एकदा रात्री सायकल उलटी उभी करून ठेवली की पायांतलं तेल खाली उतरून कड्या भिजवतं. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर सकाळी सरळ केल्यावर लिव्हर दोनचार वेळा दाबून खात्री करा आणि मगच निघा.

आणखी एक. खालचे पाय मॅग्नेशियमचे असतात. दगड लागून रंग उडाला की खाऱ्या हवेत तिथे पांढरी भुकटी धरते आणि रंगाखालून पसरत जाते. बारीक सॅंडपेपरने भुकटी काढा, पुसा, आणि घरात असेल त्या नेलपॉलिशचे दोन हात द्या. सीलचा संच मागवताना नुसतं जुडी म्हणू नका. क्राउनच्या मागच्या बाजूला सिरिअल नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि नळीची जाडी, ३० मिलिमीटर, दुकानदाराला पाठवा. ३२चं सील आलं तर ते परत पाठवण्यात पंधरवडा जातो, आणि तोवर चिखल आत जातच राहतो.